करंजाखालचं रोप

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा नकाशाही. २०४९ मध्ये पुणे विद्यापीठाला शंभर वर्षं होतील. तोवर आवारातली हिरवाई कशी असावी याचं चित्र तुमच्या गटाने काढायला घेतलंय आणि "बाई, तुम्ही काहीतरी सुचवा" असं तू लिहिलंयस. नकाशा टेबलावर पसरून दोनदा नीट पाहिला. हात छान आहे तुझा. पण त्या अख्ख्या कागदावर मला एक वाळकी फांदी दिसली नाही, पाचोळा दिसला नाही, झाडाखाली डबा उघडून बसलेलं माणूस दिसलं नाही. सगळी झाडं एका उंचीची, एका तब्येतीची, आणि खाली सगळीकडे हिरवळ. म्हणून हे पत्र थोडं लांबेल.

एक काम कर. हा नकाशा वर्षभर कपाटात ठेव. वर्ष म्हणजे पुरतं वर्ष, या पावसापासून पुढच्या पावसापर्यंत. आवार ४११ एकरांचं आहे, सगळं बघायला जाऊ नकोस. एकच जागा धर. चार-पाच झाडं आणि थोडी मोकळी जमीन एवढी पुरे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं तिथे बस. फोन पिशवीत. वहीत तारीख, वेळ, आभाळ कसं आहे ते लिही आणि मग जे दिसेल ते. "निसर्गरम्य", "प्रसन्न" असले शब्द वहीत येऊ देऊ नकोस. कोणाला कोवळी पालवी फुटली, कोणाच्या शेंगा तडकल्या, कोण आलं, काय खाल्लं, किती वेळ थांबलं, एवढंच. पहिले दोन महिने इथे काही घडतच नाही असं वाटेल. तेव्हा सोडू नकोस. मी एकदा सोडलं होतं, आणि त्या जागेची थंडी मला पुढच्या वर्षापर्यंत कळली नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर पानं टाकून लालभडक होतात. तेव्हा सकाळी सातला जा. मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर, सगळ्यांची त्या एका झाडावर झुंबड असते, आणि फुलात तोंड घालून बाहेर आलेल्या मैनेचं कपाळ परागांनी माखलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बहावा. त्याच दिवसांत, दुपारी एक वाजता, सावली कुठे आहे ते जमिनीवर चालत बघ आणि कागदावर उतरव. तुझ्या नकाशात झाडांची जागा आहे, सावलीची नाही. जूनमध्ये पहिला दणकून पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन बाहेर पड आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते बघ. पुण्याला वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तो पेव्हर ब्लॉकवरून गटारात जातो की एखाद्या खोलगट जागी मुरतो, यावर पुढच्या मे महिन्यातली झाडं उभी असतात.

त्या पावसापाठोपाठ टाकळा उगवतो. कोवळा असताना त्याची भाजी करतात, हे तुला आजीने सांगितलं असेल. फिक्या हिरवट-पांढऱ्या रंगाची फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. पाच-सहा आठवड्यांनी कुणीतरी "तण वाढलंय" म्हणून तो उपटून टाकतं आणि मग "आपल्याकडे फुलपाखरं का कमी झाली" यावर परिसंवाद होतो. मला याचं खरंच वाईट वाटतं. तुमच्या नकाशात टाकळ्याला दोन गुंठे द्या. खर्च काही नाही, फक्त तिथे हात लावायचा नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सप्तपर्णीचा वास येतो. काहींना तो सहन होत नाही, काहींना आवडतो. शांतिनिकेतनचं माळरान रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांना पसंत पडलं तेव्हा तिथे सावलीला होती ती सप्तपर्णीचीच झाडं, आणि तिथे पदवी घेणाऱ्याच्या हातात तिची पानं देण्याची प्रथा पडली. १९२८ मध्ये रवींद्रनाथांनी तिथे वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. हे मी अशासाठी सांगते की आवाराची आठवण माणसाला एखाद्या ठरावीक झाडाने राहते, "हिरव्या क्षेत्राच्या टक्केवारी"ने राहत नाही. तुमच्या अहवालात टक्केवारी असेलच, असू दे.

आता माणसं. जयकर ग्रंथालयाच्या आसपास झाडांखाली वाचत बसलेली मुलं तू रोज बघतेस. त्यातली कित्येक गावाकडून आलेली, एका खोलीत चौघं-पाच जण राहणारी, स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली. त्यांना ती सावली म्हणजे अभ्यासिका आहे. दुपारी बांधकामावरच्या बायका डबा घेऊन कुठे बसतात, सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं कुठे टेकतात, मुलं रस्ता सोडून गवतातून कुठे पायवाट पाडतात, हे सगळं वहीत घे. पायवाट मोडून कुंपण घालू नका, पायवाटेला नकाशात जागा द्या. रात्री पिंगळा कोणत्या ढोलीतून ओरडतो हे पहारेकऱ्याला विचार. वीस वर्षं झाडणाऱ्या मावशींना विचार की कोणत्या झाडाची पानं कधी गळतात. अशी माहिती मला एकाही प्रबंधात सापडली नाही.

तुझ्या नकाशात वाळकी फांदी नाही म्हटलं ना, त्याचं कारण सांगते. मी शिकवत होते त्या महाविद्यालयात एका वर्षी तपासणीला समिती यायची होती. मार्चचे दिवस. बागेचं काम माझ्याकडे. वाळक्या फांद्या उतरवायच्या झाडांची यादी झाली, मी सही केली. वाळकी फांदी म्हणजे रोगट, पडली तर कुणाच्या डोक्यात पडेल, एवढंच मनात. ग्रंथालयामागच्या शिरीषाची मनगटाहून थोडी जाड फांदी खाली आली. तिच्या खालच्या अंगाला एक गोल भोक होतं, लिंबू जाईल एवढं, कडा इतक्या साफ की सुताराने गिरमिट चालवल्यासारख्या. आत दोन पिल्लं, पिसंही धड न आलेली. तांबटाची. दिवसभर टुक्-टुक्-टुक् करणारा आपला तांबट घरटं कोरतो ते वाळक्या, मऊ झालेल्या लाकडातच, जिवंत लाकूड त्याच्या चोचीला दाद देत नाही. एक पिल्लू पडतानाच गेलं होतं, दुसरं संध्याकाळपर्यंत होतं. नर-मादी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही चोचीत उंबर घेऊन, फांदी होती त्या रिकाम्या जागेपाशी येत राहिली. मी खिडकीतून बघत होते. समितीने आवाराच्या स्वच्छतेचं कौतुक केलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. रस्त्यावर किंवा बसायच्या जागेवर आलेली वाळकी फांदी काढावी लागते, ती काढायची, पण आधी पंधरा दिवस तिच्याकडे बघायचं. बाकीच्या राहू द्यायच्या. पुण्यात राखी धनेश अजून दिसतो. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि आपण म्हातारी झाडं "धोकादायक" म्हणून सर्वांत आधी काढतो.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहितेय ते. गेल्या महिन्यात आपण दोघी त्या जुन्या करंजाखाली उभ्या होतो, आठवतं? मी तुला विचारलं होतं, या झाडाखाली याच्याच जातीचं, मधल्या वयाचं दुसरं एखादं झाड दिसतंय का? तू सगळीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "एकही नाही." आवारभर हेच करून बघ. तिथली मोठी झाडं बहुतेक एकेका पिढीने एकदम लावलेली. १८६० च्या दशकात गव्हर्नरचा बंगला बांधायला घेतला, तीच आजची मुख्य इमारत. त्या काळाची झाडं, मग १९४९ नंतरची, मग अलीकडे रस्त्याकडेला एका रांगेत लावलेली. मधल्या वयाचं फार थोडं. एखाद्या गावात नुसते आजोबा आणि नुसती तान्ही मुलं असावीत तसं. बिया पडत नाहीत असं नाही. पावसात जाऊन बघ, करंजाखाली करंजाची, कडुनिंबाखाली कडुनिंबाची, शेकड्याने रोपं असतात. जानेवारीत एकही नसतं. मधल्या काळात गवत कापायचं यंत्र फिरलेलं असतं आणि पाचोळा झाडून, बऱ्याचदा पेटवून, जमीन उघडी केलेली असते.

म्हणजे २०४९ चं आवार तुमच्या गटाच्या बैठकीत जेवढं ठरेल त्याहून जास्त ते झाडूने आणि त्या यंत्राने ठरतंय, दर वर्षी, दसऱ्याच्या आसपास. तुम्हाला खरंच काही बदलायचं असेल तर माळीदादांबरोबर आणि मावशींबरोबर बसून एवढं ठरवा, कुठे झाडायचं आणि कुठे नाही. त्यांना सांगून करायची ही गोष्ट नाही, विचारून करायची आहे. त्यांच्यावर "स्वच्छ दिसलं पाहिजे" असा वरून दट्ट्या असतो. तो दट्ट्या कमी करून घेणं हे तुमचं काम.

मोकळ्या जमिनीबद्दलही बोलायला हवं. खडकाळ, गवताळ तुकडा दिसला की त्यावर झाडं लावायचा मोह होतो. तिथे टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते, अगदी पायाखाली येतील अशी. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी झटपट हिरवं व्हावं म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. ते मध्य अमेरिकेतलं झाड वाढलं भराभर, पण त्याच्या दाटीत आपली हिवर, सालई, मोई मागे पडली. तुमच्या कागदावर हा तुकडा "पडीक" म्हणून रंगवलाय. तो खोडून "गवताळ" लिही.

कायदाही वाचून ठेव. वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने आपल्या राज्यातल्या शहरी भागात पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. चांगली तरतूद आहे. पण ऐंशी वर्षांच्या वडाबदली ऐंशी रोपं लावली तरी त्या दुपारची सावली येत नाही, ढोली येत नाही. गणेशखिंड रस्त्यावरचे वड रुंदीकरणात गेले ते तू पाहिलंस. त्यामुळे मोठ्या झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजून, तारखेसह नोंद आत्ताच करून ठेवा. जवळच कृषी विद्यापीठाची गणेशखिंड बाग आहे, १८७३ सालची. २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे एक चक्कर मारून या, जुन्या झाडांना मोकळं सोडलं की ती कशी पसरतात हे कळेल. फेब्रुवारीत देशभरातल्या आवारांमध्ये पक्षी मोजतात, त्यात भाग घ्या, आणि झाडांची पालवी, फुलं, फळं कधी येतात याच्या नोंदी ठेवणाऱ्या "सीझनवॉच" उपक्रमात आपलं एक झाड नोंदवा. मात्र धनेशाची ढोली आणि चंदनाची जागा कुठेही जाहीर करू नका. पुण्यातल्या आवारांतून चंदन रातोरात कापून नेतात, हे तू वाचलं असशील.

वर्ष संपलं की नकाशा काढण्याआधी वहीत एक पान लिही. त्याच जागेचं, त्याच वेळेचं, तारीख मे २०४९ ची. सावली कोणाची आहे, तिच्यात कोण बसलंय, वर कोण ओरडतंय, कोणतं झाड आता नाही आणि त्याच्या जागी कोण उभं आहे. ते झाड आज कुठे आहे, रोप आहे की बी, हे समासात लिही. जिथे उत्तर येणार नाही तिथे बी आणून लावायचं. बाकी नकाशा मग आपोआप निघेल, आणि तो मला दाखवायला आण.

आणखी एक. त्या करंजाच्या बुंध्याशी आपल्याला चंदनाचं गुडघाभर रोप दिसलं होतं. कुणी लावलेलं नाही. कोकिळेने नाहीतर बुलबुलाने फळ खाऊन बी टाकलं असणार. चंदन आपल्या मुळांनी शेजारच्या झाडाच्या मुळांतून पाणी आणि अन्न घेतं, म्हणून ते तिथे करंजाला धरून आलंय. त्याच्याभोवती आपण चार धोंडे लावले होते आणि काडीला लाल चिंधी बांधली होती. पावसाने चिंधीचा रंग गेला असेल. गवत कापायला माणसं पुढच्या आठवड्यात येतील. त्याआधी जाऊन बघ आणि माळीदादांनाही तिथे घेऊन जा, त्यांना स्वतः दाखव. चिंधी नसेल तर मला सांग, माझ्याकडे जुन्या नऊवारीचा लाल काठ आहे, तो घेऊन मी रविवारी सकाळी येते.

तुझी,
बाई