रक्तदाबाच्या परिषदेला पहिलं पोस्टर नेताना

आपला अभ्यास मांडणारं पोस्टर घेऊन पहिल्यांदाच जातेयस म्हणून सांगते, त्यावर निष्कर्षाआधी रक्तदाब मोजला कसा ते ठळक लिही. पाच मिनिटं शांत बसवलं होतं का, कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, दंडाच्या मापाचा होता का, किती वेळा मोजला. माझ्या पहिल्या पोस्टरपुढे एक ज्येष्ठ डॉक्टर थांबल्या, फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "कफ बाहीवरून बांधलाय." पुढचं त्यांनी वाचलंच नाही.

उदाहरणार्थ २०१५ ची स्प्रिंट चाचणी घे, रक्तदाब किती खाली आणावा हे तपासणारी. ९,३६१ जण, त्यातल्या एका गटात वरचा दाब १२० च्या खाली आणायचं लक्ष्य, दुसऱ्यात १४० च्या खाली, तरी तिथल्या मोजण्याच्या पद्धतीवरून पुढे वाद झालेच. आणि त्यात मधुमेही घेतलेले नव्हते, तुलना करताना हे विसरू नकोस.

सगळी भाषणं ऐकायला धावू नकोस. पोस्टरपाशी उभी राहा, आणि कुणी खोचक प्रश्न विचारला तर तो तिथल्या तिथे वहीत उतरवून घे.