सराव गोळी अंगात असतानाच करून घ्या

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. पार्किन्सनमुळं (कंपवात) बाबांच्या मेंदूतल्या पेशीच मेल्यात, मग रोज चालायचा सराव करून घेऊन काय उपयोग? आणि सात वर्षांनी आता गोळी लागू झाली की त्यांची मान आणि खांदे वळवळायला लागतात, तर गोळी निम्मी करू का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते: स्वतःहून अजिबात करू नका. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन होणारं हे औषध, अचानक कमी किंवा बंद केलं तर जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत मजल जाते. डॉक्टरांना दाखवा.

मी बेळगावात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आणि वडगावच्या घरी अकरा वर्षं अण्णांचं पार्किन्सन सांभाळलं. अण्णा हातमागावरचे विणकर. म्हणून मला हे मागाच्याच भाषेत सांगता येतं.

मेलेल्या पेशी आहेत मेंदूच्या बुडाशी, सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळपट भागात. त्यांचे तंतू वर स्ट्रायटम नावाच्या, मेंदूच्या आतल्या भागात जातात आणि तिथं डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात. तो पुरवठा आटलाय. पण स्ट्रायटममधल्या पेशी बहुतांशी जिवंत आहेत, आणि हालचाल शिकायचं, अंगवळणी पाडायचं काम त्याच करतात. त्या दोन जातीच्या. एकीवर डोपामिनचा डी-१ ग्राहक (डोपामिन पकडणारी जागा) असतो, दुसरीवर डी-२. पहिली हालचालीला वाट देते, दुसरी अडवते, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. मग २०१३ साली उंदरांमध्ये दिसलं की हालचाल सुरू होताना दोन्ही जाती एकदमच जाग्या होतात. मला आपला माग आठवला. काही उभे धागे वर उचलले जातात, काही खाली दाबले जातात, तेव्हाच मधून धोटा आरपार जातो. नुसते वर उचलून कापड होत नाही. हवी ती हालचाल निवडायची आणि नको त्या दाबून धरायच्या, दोन्ही एकाच वेळी लागतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. डोपामिन म्हणजे गाडीतलं पेट्रोल, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. डोपामिन शिकवतंही. स्ट्रायटमच्या पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. काट्याच्या टोकाला कॉर्टेक्सकडून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडून आलेला तंतू ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून ‘असं कर’ म्हणतो, आणि तिथं जवळच डोपामिनचा तंतू असतो. ‘ते जमलं, हे टिकव’, असा शिक्का तो मारतो. या शिक्क्याला वेळेचं बंधन आहे. टोकियोतल्या संशोधकांनी २०१४ साली उंदराच्या मेंदूच्या कापांवर, स्ट्रायटमच्या खालच्या भागातल्या डी-१ पेशींत हे पाहिलं. ग्लुटामेटचा इशारा मिळाल्यानंतर साधारण ०.३ ते २ सेकंदांत डोपामिन आलं तरच काटा फुगून मोठा होतो, म्हणजे तो जोड पक्का होतो. आधी आलं किंवा उशिरा आलं तर काही नाही. डी-१ ग्राहक पेशीत सीएएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढवतो, डी-२ तो कमी करतो, आणि पुढं सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधला जोड, बळकट व्हायचा की कमकुवत ते त्यावर ठरत जातं.

डोपामिन नसताना सराव केला तर? नुसता वाया जात नाही, उलटंही शिकलं जाऊ शकतं. डोपामिन कमी असलेल्या उंदरांना फिरत्या दांड्यावर चालायला लेव्होडोपा देऊन शिकवलं. मग औषध बंद केलं. बिनऔषधाचे रोज पळवलेले उंदीर हळूहळू बिघडत गेले, विश्रांती दिलेल्यांचं कसब बरंच टिकलं. माणसाचं तंतोतंत तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण मी यावरून अण्णांचं वेळापत्रक बदललं. पूर्वी गोळीच्या आधी, पहाटे अंग जड असतानाच त्यांना चालवायची, रडकुंडीला यायचे बिचारे. नंतर गोळीनंतर पाऊण तासानं, पाय मोकळे झाले की चालायचं, हात झुलवायचे, वळायचं. चार आठवड्यांत वळताना भिंत धरणं कमी झालं.

गोळी दूध किंवा आमटीभाताबरोबर देऊ नका. प्रथिनं पचून होणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढं मेंदूत एकाच वाटेनं शिरतात, त्यामुळं गोळी मागं पडते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्या. आणि मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी सिनारिझिन कुणी लिहून दिलं तर पार्किन्सन आहे हे आवर्जून सांगा. दोन्ही डी-२ अडवतात. एका दवाखान्यात अण्णांना मेटोक्लोप्रामाइड दिलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कुशीवर वळता येईना. तो राग अजून गेलेला नाही.

बाबा उंबऱ्याशी थिजतात असं लिहिलंय. अण्णांचंही तेच. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, वरचं अंग पुढं झुकलेलं. मी उंबऱ्यापासून अंगणापर्यंत चार आडव्या पट्ट्या ओढल्या, रांगोळीच्या, दोन वीत अंतरावर. ‘रेघ ओलांडा अण्णा’ म्हटलं की टाच उचलायची आणि चारी पट्ट्या पार. सवयीची, आपोआप चालण्याची वाट स्ट्रायटमच्या मागच्या भागातून जाते आणि तिथंच डोपामिन सगळ्यात आधी आटतं. डोळ्यांनी रेघ बघून पाऊल टाकताना मेंदू दुसरी वाट वापरतो. रंगीत चिकटपट्टी जास्त टिकते.

आता वळवळ. सुरुवातीला शिल्लक पेशी डोपामिन साठवून जपून सोडायच्या. त्या कमी झाल्यावर गोळीसरशी पूर येतो आणि दीड-दोन तासांत ओहोटी, कारण रक्तातली लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्मी होते. असे पूर सारखे येत राहिले की सिनॅप्स बळकट होतात आणि ते बळ खोडताच येत नाही. २००३ साली वळवळ असलेल्या उंदरांत नेमकं हे खोडणंच बंद पडलेलं दिसलं. म्हणून डॉक्टर बहुधा गोळी तोडून लहान डोस जास्त वेळा देतात, किंवा वळवळ कमी करणारं अमँटाडिन हे औषध जोडतात.

खानापूरकडं कुणी खाजकुइलीच्या बियांची पूड आणून देईल. तिच्यात खरोखर लेव्होडोपा असते, १९३७ पासून माहीत आहे. म्हणूनच गोळीवर वरून देऊ नका, पूर आणखी वाढेल.

तीन दिवस वही ठेवा: गोळी किती वाजता, पाय कधी मोकळे, वळवळ कधी, जेवण कधी. तीच वही डॉक्टरांपुढं ठेवा. मलाही इथं लिहून कळवा, सरावाची वेळ दोघी मिळून ठरवू.