ओवाळणीच्या ताटातलं कपाट

सोन्या,

भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर आजी बघत असताना तू ताईच्या ताटात स्वतः रंगवलेली पणती ठेवलीस. आजी म्हणाली, "छान हो! आणि ओवाळणी काय घातलीस?" नंतर तू मला विचारलंस, "आई, मी केलेली वस्तू म्हणजे ओवाळणी नसते का?" मी "तसं नाही रे" म्हणून भांडी घासायला पळाले. आता जमेल तसं सांगते.

हाताने केलेल्या वस्तूला भेट म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. कंदील घरीच व्हायचा. मामा कामट्या तासायचा, आजी खळ शिजवायची, मी पतंगाच्या कागदाच्या करंज्या कापायचे. शुभेच्छापत्रंही घरचीच. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, जाड कागदावर ठसा मारायचा की पाच पाकळ्यांचं फूल! रंग जास्त झाला की फूल फिसकटायचं. भेंडी आधी फडक्यावर टेकवावी ही अक्कल मला तिसऱ्या कार्डाला आली. पाकीट मात्र चिकटवायचं नाही, म्हणजे बुकपोस्टाने स्वस्तात जायचं.

भाऊबीजेचं वेगळं. आजोबा मामाच्या हातात हळूच नोट सरकवायचे, तो ती ताटात टाकायचा. १९८७ साली त्याने नोट घेतलीच नाही. सहा काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून त्याने माझ्यासाठी इवलंसं कपाट केलं होतं. प्रत्येक खणाला शर्टाचं बटण, ओढायला.

मी काय केलं असेल? भोकाड पसरलं. मला कंपासपेटीसाठी पैसे हवे होते. शेवटी आजीने डब्यातून अकरा रुपये काढून दिले, आणि मामा न जेवता गच्चीवर जाऊन बसला.

म्हणून आजीला लगेच नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. तुझी पणती तिला आवडली, मी तिला ओळखते. पण ताटात नोट पडली की भाऊ पाठीशी आहे, असं तिच्या पिढीला वाटतं. बरोबर आहे का? कोण जाणे. मीही दरवर्षी तुझ्या हातात पाकीट देतेच की. यंदा विसरले, खरं सांगायचं तर.

ते कपाट अजून आहे, माझ्या शिवणाच्या डब्यात. पाचवा खण डिंकाने असा चिकटलाय की पहिल्या दिवसापासून उघडलेला नाही. मामा म्हणतो, त्यात त्याची लाडकी गोटी आहे. हलवलं की वाजतं खरं.

मामाच्या वाढदिवसाला कार्ड करायचं म्हणत होतास ना? फ्रीजच्या खालच्या कप्प्यात भेंड्या आहेत. केलंच पाहिजे असं काही नाही हं. रविवारपर्यंत थांबते, मग भाजी करते.

आई