डोळ्याच्या ऑपरेशनच्या कात्र्या लवकर का खराब होतात?

प्रश्न : सर, मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. केस संपली की व्हॅनास कात्री (डोळ्याच्या ऑपरेशनची बारीक टोकाची छोटी कात्री) सलाईनच्या वाटीत टाकून ठेवतो, तरी टोकाला तपकिरी डाग पडतात आणि धार जाते. पाणी खराब असेल का?

उत्तर : सिस्टर, आधी ती सलाईनची वाटी बंद करा! सलाईनमधल्या मिठाचं क्लोराईड स्टीलला बारीक खड्डे पाडतं, ब्लीचिंगचं पाणी तर त्याहून वाईट, आणि रक्त वाळू दिलं तरी तेच होतं, म्हणून केस झाली की लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. नळाचं पाणी जड असेल तर त्याचेही डाग पडतात, त्यामुळे शेवटचं धुणं डिस्टिल्डनेच. अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हत्यारं साफ करणाऱ्या मशीनमध्ये, कात्री उघडी ठेवा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि डायमंड नाइफ, म्हणजे हिऱ्याच्या पात्याची सुरी, त्यात टाकू नका, पात्याची कड उडू शकते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, हत्यारं धुवायला एन्झाइमचं लिक्विड वापरत असाल तर ते पूर्ण निघेपर्यंत भरपूर धुवा, कारण त्याचा अंश डोळ्यात गेला तर टास होतो, म्हणजे इन्फेक्शन नसतानाही आत सूज येते, पेशंटची नजर धोक्यात येते. ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवणं पण नकोच.

मग स्वच्छ हवेने कोरडं करा, टोकाला सिलिकॉनची टोपी घाला आणि ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनला) सांधा उघडा ठेवूनच लावा. टोक वाकलंय का ते मायक्रोस्कोपखाली बघा, साध्या डोळ्यांना ते दिसतच नाही.