जवळच्या माणसाकडे ठामपणे कसं मागायचं?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याकडे काही मागायचं झालं की एक तर तुम्ही गप्प बसता, नाहीतर साचलेलं सगळं एकदम बाहेर पडतं आणि भांडण होतं. मग ठामपणे सांगायचं तरी कसं?

आधी गप्प बसण्याबद्दल. ‘इतक्या वर्षांत एवढंही कळू नये? सांगून मिळालं तर त्यात काय मजा!’ ही समजूत फार जुनी आणि फार महागात पडणारी. आयडल्सन आणि एपस्टाईन या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये नात्याला जाचणाऱ्या समजुती मोजायची प्रश्नावली केली, त्यात ‘जोडीदाराने न सांगता ओळखावं’ याला वेगळा विभागच आहे. शिवाय आपण समजतो तितकं आपल्या चेहऱ्यावर दिसतही नाही. थॉमस गिलोविच हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग मांडला होता. लोकांना काही पेयं चाखायला दिली, त्यातलं एक घाणेरड्या चवीचं, आणि चेहरा कोरा ठेवायला सांगितलं. बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते घाणेरडं पेय ओळखू येईल, असं चाखणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्याहून कमी जणांना ओळखता आलं. तुम्ही कपाटाचं दार आपटलंत, त्यात तुमच्या लेखी महिनाभराची कैफियत होती. त्याला फक्त दार ऐकू आलं.

आता बोलण्याबद्दल. ‘तुझं घराकडे लक्षच नसतं’ यावर समोरच्याने करायचं काय? तो फार तर वकिली करेल: ‘परवा नाही का मी...’ त्यापेक्षा, ‘बुधवारी आणि शुक्रवारी मुलांना झोपवायचं तू घेशील का? मला तेवढा तासभर एकटीला हवाय.’ यात काम आहे, वार आहे, कारणही एकच आहे. तुमची खरी मेहनत इथे आहे. बऱ्याचदा आपल्याला राग पक्का ठाऊक असतो, पण नेमकं काय हवंय ते ठरलेलंच नसतं. ते ठरेपर्यंत तोंड उघडू नका. आणि ‘जमलं तर बघ, नाहीतर राहू दे, माझं काय!’ ही शेपटी लावू नका. तिने मागणीतली हवाच जाते.

‘तू’ऐवजी ‘मी’ने वाक्य सुरू करा, हा मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांच्यापासून चालत आलेला सल्ला तुम्ही ऐकला असेल. बरा आहे, पण ‘मला वाटतं तू आपमतलबी आहेस’ हेही ‘मला’नेच सुरू होतं!

माझ्या बहिणीला प्रत्येक गोष्टीवर तोडगा सुचवायची सवय आहे. एकदा मी तिला म्हटलं, ‘ताई, आज सल्ला नको, दहा मिनिटं नुसतं ऐक.’ ती म्हणाली, ‘मग मला कशाला सांगतेस?’ मी आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हटलं. जुने दाखले नाहीत, स्पष्टीकरण नाही. ती जरा घुश्शातच, पण ऐकत बसली. पहिल्या धक्क्याला आपण स्पष्टीकरण देत सुटतो आणि विषय हातचा जातो, म्हणून तेच वाक्य शांतपणे दुसऱ्यांदा म्हणणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं.

एक अट मात्र आहे. नवऱ्याच्या प्रतिक्रियेचा नुसता संकोच नसेल, भीतीच वाटत असेल, तर यातलं काही करून बघू नका. आधी विश्वासातल्या माणसाला किंवा समुपदेशकाला गाठा.

तसं नसेल, तर नकार येऊ शकतो हे धरूनच मागा. ‘अहिंसक संवादा’ची पद्धत मांडणारे मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग म्हणायचे की ती विनंती होती की हुकूम, हे ‘नाही’ ऐकल्यावर आपण कसे वागतो त्यावरून कळतं. तो म्हणाला, ‘शुक्रवार नाही जमणार,’ तर लगेच ‘माहीतच होतं मला’ म्हणून पाठ फिरवू नका. ‘बरं, मग दुसरा कुठला वार?’ असं विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा. मधली शांतता आपणच बोलून भरून काढायचा मोह होतो, तो तेवढा आवरा.