आधी विचार, मग ॲप

प्रश्न : ताई, मी डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साथीच्या काळात गरीब वस्त्यांना आरोग्यसेवा नीट मिळावी, यावर ‘डिझाईन थिंकिंग’चा प्रकल्प करायचाय. आमच्या गटाचं म्हणणं ॲप बनवू. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, दिघा

उत्तर : ॲप सध्या बाजूला ठेव. समजून घेणं, प्रश्न मांडणं, कल्पना, कच्चा नमुना, चाचणी या पाच पायऱ्या तुम्हाला शिकवल्याच असतील. मुलं पहिल्या दोन एका दुपारी उरकतात. खरा कस तिथेच लागतो गं.

मे 2021 आठव. 18 ते 44 वयाच्यांना कोविडची लस खुली झाली, पण कोविन या सरकारी पोर्टलवर आधी नोंदणी करून वेळ घेणं सक्तीचं. पोर्टल इंग्रजीत, मराठी आली जूनमध्ये. स्लॉट बघता बघता संपायचे. मी तेव्हा तुर्भे स्टोअर्सच्या वस्तीत मदतीला जायचे. ‘ही माणसं लसीला घाबरतात’ असं बैठकीत सर्रास बोललं जाई. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंजवळ बसले, तेव्हा वेगळंच कळलं. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा दिवसभर मार्केटात हमालीला. ओटीपी तिकडे, बाई इकडे. शिवाय लशीनंतर ताप आला तर खाड्याचे पैसे कोण देणार? भीती त्यांनाही होती, पण तिचा नंबर बराच नंतर लागत होता.

‘यांना पटवायचं कसं?’ असा प्रश्न मांडला की पोस्टर निघतं. ‘फोनशिवाय, रोजची मजुरी न बुडवता लस कशी मिळेल?’ असा मांडला की संध्याकाळचं केंद्र सुचतं, जागेवर नोंदणी सुचते, वस्तीतच लसीकरण सुचतं. पुढे जूनच्या नव्या धोरणात जागेवरची नोंदणी सगळ्यांना मिळाली, नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहिमेखाली कर्मचारी दारोदारी गेले. मधले महिने ज्यांचे गेले, त्यांच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आधी तुमच्या भागातल्या आशाताईंना, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना, विचारून त्यांच्याबरोबर फिर. कोणत्या घरात फोन कुणाकडे असतो, कोण किती वाजता परततं, हे त्यांना तोंडपाठ असतं. नमुना कागदावरच कर, म्हणजे खोडायला जड जात नाही. आणि जिच्याशी बोललीस तिलाच तो पुन्हा दाखव. त्यासाठी तिचं काम बुडणार असेल, तर तेवढ्या वेळाचे पैसे प्रकल्पाच्या खर्चात धर.