दोन इंजिनांच्या बोटीची पहिली वायरिंग

वायर कापण्याआधी कागदावर आकृती काढा आणि तीत तीन स्वतंत्र बॅटऱ्या दाखवा: प्रत्येक इंजिनाच्या स्टार्टरसाठी एकेक, आणि दिवे, व्हीएचएफ रेडिओ व फ्रिज यांच्यासाठी तिसरी. प्रत्येक अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आपापल्या स्टार्टर बॅटरीला जोडावा. तिसरीला चार्जिंग मिळावे यासाठी व्होल्टेज पाहून चालणारा रिले (आपोआप उघडझाप करणारा स्विच) बसवावा, जो व्होल्टेज साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेल्यावर बॅटऱ्या एकमेकींना जोडतो आणि इंजिन थांबून व्होल्टेज उतरले की त्या वेगळ्या करतो. अशा जोडणीत रात्रभर दिवे राहिले तरी सकाळी दोन्ही इंजिने सुरू होतात, आणि खाडीबाहेर नांगर टाकलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा नसतो.

सुरुवातीच्या चुका बहुधा याच असतात:

- इंजिन चालू असताना मुख्य स्विच बंद करणे. बॅटरी अचानक सुटल्याने व्होल्टेज उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. ही चूक सर्वांत महागडी ठरते.
- फ्यूज दूर बसवणे. स्टार्टरची केबल वगळता प्रत्येक धन वायरीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा.
- बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा पंप) मुख्य स्विचमधून जोडणे. स्विच बंद असतानाही तो चालावा म्हणून स्वतंत्र फ्यूजसह थेट बॅटरीवर घ्यावा.

सर्व ऋण वायरी एका बसबारवर (वायरी एकत्र जोडण्याच्या धातूच्या पट्टीवर) आणा. केबल कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच घ्या, कारण खाऱ्या हवेत साधे तांबे आतून हिरवे पडते. लिथियम बॅटरीचा विचार सध्या बाजूला ठेवा.